पिकॅडिलीतला उशीर

साल 1788. लंडनच्या पिकॅडिली भागात जेसी रॅम्सडेन या उपकरणकाराच्या कारखान्यात तुम्ही पाऊल टाकता आणि चपलेखाली पितळेचा कीस करकरतो. पन्नासेक माणसं कामाला आहेत, पण तुम्ही थेट त्या यंत्राकडे जा.

45 इंच व्यासाचं, घंटेच्या धातूचं आडवं चाक. त्याच्या कडेला 2160 दाते, आणि दात्यांत अडकलेलं एक मळसूत्र. कारागीर हातमागाला असते तशी पावडी पायानं दाबतो, मळसूत्र फिरतं, चाक केसभर सरकतं. मळसूत्राचा एक पूर्ण फेरा म्हणजे दहा कला. सहा फेरे झाले की एक अंश. चाकावर घट्ट बसवलेल्या सेक्स्टंटच्या कमानीवर टोकदार सुई एक रेघ ओढते. पुन्हा पावडी, पुन्हा रेघ. फार जवळ वाकू नका, अंगाच्या उबेनंही धातू फुगतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? याच सेक्स्टंटनं चंद्र आणि तारा यांच्यातला कोन मोजून खलाशी रेखांश काढतात. तिथे एका कलेची चूक झाली, तर विषुववृत्तापाशी जहाज सुमारे तीस सागरी मैल भलतीकडे दिसतं. म्हणून तर ब्रिटिश सरकारच्या रेखांश मंडळानं या यंत्रापायी रॅम्सडेनला 615 पौंड मोजले. अट अशी, की ही विद्या त्यानं इतर कारागिरांनाही शिकवायची, आणि त्यांचे सेक्स्टंट सहा शिलिंगांत आखून द्यायचे. गुपित विकत घेऊन ते सगळ्यांना वाटून टाकणारं सरकार मला तरी विरळाच वाटतं.

कोपऱ्यातली जमीन मोजायची पोलादी साखळी बघून घ्या. याच कारखान्यातली अशी एक साखळी पुढे चीनच्या बादशहाच्या नजराण्यात जाईल, तिथून परत येईल आणि विल्यम लॅम्टन या सर्वेक्षकाच्या हाती पडेल. 1802 मध्ये तो तिनं मद्रासजवळची पायारेषा मोजेल. हिंदुस्थान मोजता मोजता 1823 मध्ये तो आपल्या हिंगणघाटला देह ठेवेल. त्याची कबर तिथेच आहे.

संध्याकाळी मालक सापडतो तो स्वयंपाकघरात. चुलीपाशी एका बाजूला मांजर, दुसऱ्या बाजूला कुत्रा, हाताशी बिअरचा पेला आणि लोणी लावलेला पाव. भोवती शिकाऊ पोरं आणि मांडीवर नकाशा. तयार झालेला भाग मनास आला नाही, तर तो मोडून पहिल्यापासून करायचा, ही याची रीत. त्यामुळे वायदा म्हणून पाळत नाही. सर्वेक्षक जनरल रॉयचा तीन फुटी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, तीन वर्षांनी हाती पडला, तेव्हा रॉयचा संयम संपला होता. राजाकडे तर हा म्हणे ठरल्या तारखेला, ठरल्या वेळेवर हजर झाला, फक्त वर्ष पुढचं होतं! अंशाची विकला जपणाऱ्या माणसाला पंचांग मात्र कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या गिऱ्हाइकांची मला कीवच येते.

सध्याचं गिऱ्हाईक पालेर्मोचा पाद्री जुझेप्पे पियात्सी आहे. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या पाच फुटी वर्तुळासाठी तो इथे तळ ठोकून बसलाय. त्याच वर्तुळानं 1 जानेवारी 1801 च्या रात्री त्याला सेरेस हा बटुग्रह सापडणार आहे, रॅम्सडेन गेल्यावर दोन महिन्यांच्या आत. पण ते आज त्याच्या कानात सांगून काय उपयोग? त्याला एवढंच हवंय की काम कधी पुरं होणार. पुढच्या वर्षी, हे तुम्हाला ठाऊक आहे. मात्र ते सांगायचा धीर तुम्हालाही होत नाही.