छातीतली जाळी आणि सरकारचा शिक्का

मंडळी, जानेफळच्या बाजारात सोयाबीन घालायचे तर काट्यावर शिक्का आहे ना, हे तुम्ही आधी पाहता. पण हृदयाची चोंदलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, तिला आपल्याकडे कितीतरी वर्षे शिक्काच नव्हता! १९४० चा कायदा औषधांचा. आणि जाळी काही गोळी नव्हे.

अमेरिकेने उपकरणांसाठी १९७६ सालीच कायदा कडक केला. आपल्याला जाग आली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील स्टेंटांचा वाद उच्च न्यायालयात गेला तेव्हा. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राने स्टेंटसह दहा वस्तूंना कायद्यापुरते 'औषध' ठरविले. धातूला औषध म्हणायचे, गंमतच की! पण वाट निघाली. उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१८ पासून लागू झाले.

आता पैशाचे. इंग्लंडात हा खर्च सरकारी आरोग्यसेवा उचलते. आपल्याकडे बिल येई ते घरच्यांच्या हाती, आणि एका जाळीचे लाखावर रुपये घेतल्याची उदाहरणे होती. मग शेत गहाण. राज्याची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत निघाली; त्यांत बुलढाणा नव्हता. आपली पाळी आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने भाव बांधला : औषध लावलेली जाळी २९,६०० रुपये, साधी ७,२६०. हे आकडे पुढे बदलत गेले. पण त्याच आदेशाने बिलात जाळीची किंमत, तिचे नाव, कंपनी नि बॅच क्रमांक वेगळा लिहिणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. बिल हाती आले की ती ओळ आधी शोधा.