सरईच्या वनापासून सागरकिनाऱ्यावरील डेकपर्यंत : मुरवलेल्या लाकडाची भारतीय कथा

अमेरिकेच्या वा न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर घरांच्या अंगणात लाकडी डेक सर्वत्र दिसतात. खाऱ्या वाऱ्यात, धुक्यात आणि पावसात पाइनचे कच्चे लाकूड काही वर्षांतच कुजले असते. हे लाकूड मात्र दशकानुदशके टिकते. त्यावरील हिरवट छटा तांब्याच्या क्षारांची असते. लाकूड बंद टाकीत घालून, दाबाने ज्या मिश्रणात मुरवले जाते, त्या मिश्रणाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाच्या बांधकामाचे रूप बदलले. त्याचा शोध लागला तो भारतात, देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत. आणि ज्या गरजेतून तो लागला, ती गरज मध्य भारतातील रेल्वेमार्गांच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

नागपूर–राजनांदगाव हा मीटरमापी मार्ग १८८० ते १८८२ या काळात उभा राहिला. पुढे बंगाल–नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला, रायपूरच्या पुढे नेला, आणि १ फेब्रुवारी १८९१ रोजी नागपूर–आसनसोल मार्ग खुला झाला. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९०० साली रायपूर–धमतरी हा अरुंद मार्ग सुरू झाला. त्याच्या दक्षिणेला सिहावा परिसरात सालवृक्षाची दाट वने होती. छत्तीसगढमध्ये या वृक्षाला ‘सरई’ म्हणतात. वनातले लाकूड रुळांपर्यंत येत होते आणि त्यातील मोठा वाटा स्लीपर बनून पुन्हा रुळांखालीच जात होता.

रुळांची ही भूक अफाट होती. एका मैलाला साधारण १,७६० ते २,००० स्लीपर लागत, आणि ते ठरावीक वर्षांनी बदलावेही लागत. म्हणजे मार्ग एकदा बांधून वनाची सुटका होत नसे; वन त्या मार्गाशी कायमचे बांधले जाई.

सरईलाच एवढी मागणी का, याचे उत्तर तिच्या गाभ्यात आहे. झाडाच्या खोडात बाहेरचे रसकाष्ठ पाणी वाहून नेते. आतला गाभा मृत असतो, पण त्यात बुरशीला आणि वाळवीला न मानवणारी द्रव्ये साठलेली असतात. सरईचा गाभा या बाबतीत फार समर्थ. भारतीय तज्ज्ञ लाकडाचा टिकाऊपणा मोजण्यासाठी त्याच्या खुंट्या जमिनीत अर्ध्या पुरून ठेवतात. या चाचणीला त्यांनी दफनभूमीचेच नाव दिले आहे. ज्या खुंट्या सरासरी १२० महिने वा अधिक टिकतात, त्या पहिल्या श्रेणीच्या. सरईचा गाभा या श्रेणीत बसतो. साग आणि देवदारही तिथेच बसतात.

परंतु या गुणाला एक उलटी बाजू आहे. सरईच्या गाभ्यातील वाहिन्या इतक्या बुजलेल्या असतात की मोठा दाब देऊनही संरक्षक द्रव आत शिरत नाही. मुरवण्याची कला सरईसाठी नव्हतीच. ती होती चीड आणि इतर दुय्यम समजल्या जाणाऱ्या लाकडांसाठी. ही लाकडे सच्छिद्र, वाळवीच्या तोंडी सहज पडणारी. पण त्याच छिद्रांतून औषधही आत जाऊ शकते. दुय्यम लाकूड टिकाऊ करता आले, तर उत्तम वृक्षांवरील ओझे हलके होईल, हा त्यामागचा विचार होता.

लाकडाला औषध पाजण्याचे प्रयत्न युरोपात आधीच सुरू झाले होते. १८३१ साली फ्रान्समध्ये झां-रॉबेर ब्रेआँ यांनी बंद भांड्यात दाब वापरण्याची पद्धत मांडली. १८३२ साली जॉन हॉवर्ड क्यान यांनी पाऱ्याच्या क्षाराचे पेटंट घेतले, तर १८३८ साली विल्यम बर्नेट यांनी जस्ताच्या क्लोराइडचे. त्याच १८३८ साली जॉन बेथेल यांच्या पेटंटने या उद्योगाला कायमचा आकार दिला. वाळलेले लाकूड पोलादी नळकांड्यात ठेवायचे, निर्वात करून पेशींतील हवा काढून घ्यायची, मग द्रव सोडून दाब वाढवायचा. रिकाम्या झालेल्या पेशी द्रवाने भरतात. आजही किनाऱ्यावरच्या डेकसाठी लाकूड याच क्रमाने मुरवले जाते. बेथेल यांच्या पद्धतीत वापरले जाणारे क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणारे तेल. ते परिणामकारक होते, पण काळे, चिकट आणि उग्र वासाचे. घराच्या अंगणात नको वाटणारे.

भारतात आरंभीच्या काळात क्रिओसोट मुरवलेले पाइनचे स्लीपर युरोपातून जहाजाने आणले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाकडे देशी संशोधनाचे लक्ष वळले. १९०६ साली देहरादूनला वन संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९१२ साली तेथील आर. एस. पिअर्सन यांनी रेल्वे स्लीपरांच्या संदर्भात भारतीय लाकडांच्या संरक्षणावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. अडचण होती ती पावसाची. पाण्यात विरघळणारे क्षार स्वस्त आणि वाहून नेण्यास सोपे. परंतु जे पाण्यात विरघळून लाकडात शिरते, ते पहिल्याच पावसाळ्यात विरघळून बाहेरही पडते. चार महिने कोसळणाऱ्या पावसाच्या देशात हा दोष घातक होता.

ही गाठ सोडवली सोंती कामेशम यांनी. वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या या अभियंत्याने आधी जर्मन कवकशास्त्रज्ञ रिचर्ड फाल्क यांच्यासह आर्सेनिक आणि डायक्रोमेट यांचे मिश्रण विकसित केले होते. दोघांच्या नावांची सांगड घालून त्याला ‘फाल्कामेसाम’ म्हटले गेले. त्यात तांबे मिळवून कामेशम यांनी १९३३ साली नवे मिश्रण सिद्ध केले. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याचे नाव पडले ‘आस्कू’. त्याला १९३४ साली ब्रिटनमध्ये आणि १९३८ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. जग आज त्याला सीसीए म्हणून ओळखते.

त्याची युक्ती क्रोमियममध्ये आहे. तांबे बुरशीला आवरते. तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीला आणि वाळवीला आर्सेनिक रोखते. डायक्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियमची लाकडातील द्रव्यांशी अभिक्रिया होऊन ते त्रिसंयुजी होते, आणि या बदलात तांबे व आर्सेनिक यांना अविद्राव्य रूपात पेशीभित्तीशी जखडून टाकते. द्रव आत जाताना पाण्यासारखा असतो. काही दिवसांनी तोच लाकडाचा भाग होतो. पावसाने धुऊन जाण्याचा दोष बहुतांशी संपला. लाकूड कोरडे, वासरहित आणि रंग देता येण्याजोगे राहिले.

दमट किनाऱ्याला याहून अनुकूल काय असणार? लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. रायपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या उष्णतेने लाकूड सुकते, तडकते. तेथे मोठा शत्रू वाळवी. कोकणात वा आंध्रच्या किनाऱ्यावर मात्र लाकूड महिनोन्‌महिने पुरते वाळतच नाही. थेट समुद्रात तर लाकूड पोखरणारे शिंपल्यांच्या कुळातील टेरेडोही असतात. म्हणून एकाच मिश्रणाची मात्रा जागेनुसार बदलते. अमेरिकी मानकांत ती जमिनीपासून वर असलेल्या लाकडाला प्रत्येक घनमीटरमागे सुमारे ४ किलो, जमिनीला टेकणाऱ्या लाकडाला ६.४ किलो, आणि खाऱ्या पाण्यातील खांबांना तब्बल ४० किलो अशी ठरलेली होती.

रायपूरलाही समुद्र लाभला तो याच काळात. १९३१ साली रायपूर–विजयनगरम मार्ग पूर्ण झाला आणि १९३३ साली, आस्कूच्याच वर्षी, विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले. त्याच विशाखापट्टणममध्ये पुढे बेंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेने सागरी लाकडावर अभ्यास केला. मच्छीमारांच्या लाकडी तराफ्यांना सीसीए मुरवून त्यांचे आयुष्य वाढवण्याचे प्रयोगही झाले. कामेशम यांच्या मिश्रणाचा खरा उत्कर्ष मात्र परदेशात झाला. आधी दूरध्वनीचे खांब, मग कुंपणे, धक्के, आणि महायुद्धानंतरच्या दशकांत घरोघरचे डेक. वेगाने वाढणारा स्वस्त पाइन अकस्मात टिकाऊ झाला.

या यशातच पुढचा प्रश्न दडला होता. जमिनीला टेकणाऱ्या एक घनमीटर लाकडात ६.४ किलो मिश्रण असेल, तर त्यात सुमारे १.४ किलो आर्सेनिक असते. जखडलेले असले तरी ते वर्षानुवर्षे थोडेथोडे सुटत राहते, मातीत आणि डेकवर खेळणाऱ्या मुलांच्या हातांवर. असे लाकूड जाळले, तर राखेत आणि धुरात आर्सेनिक उतरते. अखेर अमेरिकेत उत्पादकांनी ३१ डिसेंबर २००३ पासून घरगुती वापरासाठी सीसीए मुरवणे थांबवले. युरोपीय संघानेही त्याच सुमारास निर्बंध आणले. त्याची जागा घेणाऱ्या मिश्रणांत आर्सेनिक नाही, पण तांबे अधिक आहे. ते साध्या पोलादी खिळ्यांना गंजवते, म्हणून आजच्या डेकला जाड जस्तलेपाचे वा स्टेनलेस पोलादाचे खिळे लागतात.

आर्सेनिकचे भय छत्तीसगढला पुस्तकातून कळलेले नाही. पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातील अंबागढ चौकी भागात, कौडीकसा गावी, खडकांतून भूजलात उतरणारे आर्सेनिक १९९०च्या दशकाच्या अखेरीस उघडकीस आले. त्याचा लाकडाशी संबंध नाही. ते निसर्गतःच तेथे आहे. पण पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही ज्याची स्वीकार्य मर्यादा, ते द्रव्य घनमीटरमागे किलोने लाकडात भरणे म्हणजे काय, हे अशा प्रदेशाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुरवलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत जाऊ नयेत, ही सूचना जुनाट सावधगिरी ठरत नाही.

कालांतराने रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर आले आणि धमतरीचा तो अरुंद मार्गही इतिहासजमा झाला. मुरवण्याची विद्या मात्र कालबाह्य झालेली नाही. छत्तीसगढच्या बांबूला बोरॉनचे क्षार पाजले जातात. ते तुलनेने निरुपद्रवी आहेत, पण पावसात धुऊन जातात. म्हणून घरातल्या वस्तूंना चालतात, उघड्या डेकला नाही. १९१२ साली देहरादूनमध्ये जी अडचण होती, तीच येथे पुन्हा समोर येते.

टिकाऊ लाकडाची किंमत कुणीतरी चुकवत असते. सरई वापरली तेव्हा ती वनाने चुकवली. आस्कू आले तेव्हा वनावरचा भार काही अंशी उतरला आणि मातीवर चढला. कामेशम यांच्या शोधाचे मोल याने कमी होत नाही. दुय्यम लाकडाला पहिल्या श्रेणीचे आयुष्य देता येते, हे त्यांनी सिद्ध केले. ते विषाविना कसे द्यावे, हे काम पुढच्या संशोधकांसाठी उरले आहे.