घाम येणं वेगळं, घाम सुकणं वेगळं

मंडळी, उन्हाळा लागला की आपण सगळे एकाच आकड्याच्या मागे असतो. आज किती? बेचाळीस. काल? साडेएक्केचाळीस. पेपरात तोच, टीव्हीवर तोच, चहाच्या टपरीवर तोच. पण माणूस उन्हात टिकेल की कोसळेल, हे तो आकडा एकटा सांगू शकत नाही. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी हे मोजून दाखवलेलं आहे. पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यांच्याकडे माणसं कामाला आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

सुरुवात इटलीतून. पादुआ विद्यापीठात सांतोरिओ नावाचा वैद्यकाचा प्राध्यापक होता. या गृहस्थाने मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि वर्षानुवर्षं त्यात बसून स्वतःचं वजन केलं. जेवण मोजलं, पाणी मोजलं, मलमूत्रही मोजलं. हिशेब काही जुळेना. आठ पौंड पोटात गेलं तर त्यातलं पाचेक पौंड न दिसताच गायब होत होतं. ते त्वचेतून आणि श्वासातून जातं, असं त्याने १६१४ साली पुस्तकात मांडलं. चिकाटीला सलाम. पण त्याला वाटलं की ही शरीराची घाण बाहेर पडते आहे आणि ती अडली की रोग होतो. युरोपातल्या डॉक्टरांनी पुढे बराच काळ हेच धरून ठेवलं. आपल्याकडे आयुर्वेदातही पुरीष, मूत्र आणि स्वेद हे तीन मल सांगितलेत. म्हणजे घामाकडे कचरा म्हणून बघण्याची सवय फार जुनी आहे.

घामात युरिया असतो, मीठ असतं, हे खरं. पण घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. रक्तातला कचरा काढायचं काम प्रामुख्याने मूत्रपिंडाचं. उन्हात मुद्दाम घाम गाळून ‘शरीर साफ’ करायला निघालेला माणूस पाणी कमी पडल्यावर त्याच मूत्रपिंडावर ताण आणतो. अल साल्वाडोर, निकाराग्वाकडच्या ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण भयंकर आहे, आणि तरण्याताठ्या, मधुमेह नसलेल्या माणसांमध्ये. कारणांवर अजून वाद आहे, पण उन्हातलं अतिकष्टाचं काम आणि पाण्याची कमतरता यांच्यावर संशय मोठा आहे.

मग घामाचं खरं काम काय? विजेच्या पतंगामुळे आपल्याला माहीत असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७५८ च्या एका पत्रात ते लिहिलंय. फिलाडेल्फियात सावलीत ३८ अंश असताना अंग मात्र तेवढं तापत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. घाम वाफ होऊन उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, हे त्याने ओळखलं. मला त्यातली शेतमजुरांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पेनसिल्व्हेनियात भर उन्हात पीक कापणारे मजूर जोवर घाम येतोय आणि वरचेवर पाणी पितायत तोवर काम रेटतात. घाम थांबला की खाली पडतात, कधी जागेवर जातात. (ते लोक पाण्यात रम घालायचे. आपल्याकडे कुणी हा भाग उचलू नये.)

पुढे १७७४ च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे मित्र तापवलेल्या खोलीत जाऊन उभे राहिले. खोलीचं तापमान शेवटी १२७ अंशांपर्यंत नेलं. तिथे अंडी शिजली, मांस भाजून निघालं आणि माणसं काही मिनिटांनी चालत बाहेर आली. त्यांनी आत पाण्याची भांडीही ठेवली होती. पाणी उकळायच्या बरंच अलीकडे अडून राहिलं. वर तेल सोडलं, वाफ अडली, आणि ते उकळलं. ज्याच्या घरी माठ आहे त्याला हे समजवायला नको. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी उडतं, आतलं गार होतं. ब्लॅग्डेनने सगळं श्रेय वाफेला दिलं नाही, जिवंत शरीरात काही वेगळी ताकद असावी असं त्याला वाटलं. पण हवा कोरडी होती म्हणूनच ही मंडळी वाचली.

आता मुद्द्याचा माणूस. जे. एस. हॉल्डेन हा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खोल, दमट खाणींत उतरला. थर्मामीटरच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलं की हवेत किती पाणी उडू शकतं ते कळतं. दमट हवेत हा पारा फारसा उतरत नाही. हॉल्डेनने १९०५ साली लिहिलं की वारा नसेल आणि हा ओला पारा ३१ अंशांच्या वर गेला, तर उघड्या अंगाने नुसत्या बसलेल्या माणसाचंही शरीर तापत जातं. कष्टाचं काम करत असेल तर ही हद्द २५-२६ अंशांवरच येते. घाम धारेने वाहतो, पण उडत नाही. वाहून गेलेला घाम पाणी आणि मीठ नेतो, उष्णता फारशी नेत नाही.

म्हणूनच विदर्भात कूलर चालतो आणि मुंबईत तोच कूलर खोली चिकट करून ठेवतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्काराच्या कार्यक्रमाला लोक तासन्‌तास उन्हात बसले. पारा ३८ च्या आसपास होता. आमच्याकडच्या माणसाला तो ‘बरा दिवस’ वाटला असता. १४ माणसं गेली.

आपल्या गावापुरतं बोलायचं तर मजूर अड्ड्यावर सकाळी शंभरेक माणसं उभी असतात. सावली एका लिंबाची. पुढे वीटभट्टी, स्लॅब, रस्त्याचं डांबर. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीतच कामावर पिण्याचं पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीची वेळ आणि प्रथमोपचार पेटी लिहिली गेली. अड्ड्यावरच्या खासगी कामावर तेही अनेकदा दिसत नाही. ठेकेदार मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे: दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवा, पाणी हाताशी ठेवा. नवीन माणसाला पहिला आठवडाभर कमी काम द्या, कारण अंगाला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. कुणी बरळायला लागला, तोल गेला, तर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

अड्ड्यावर शेड आणि पाण्याची टाकी यासाठी किती निधी आला, कुठे गेला, याचा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकीन.