गांजाचे परवाने आणि नौगांवचा पहारा

औषधी गांजाच्या दुकानांस परवाने देऊन त्यांजवर सक्त नजर ठेवण्याची पद्धति अगदीं अलीकडची समजली जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियानें १९९६ सालीं लोकमत घेऊन रोग्यांस गांजा वापरण्याची मोकळीक दिली. कोलोरॅडोनें २००० सालीं तीच वाट धरली व २०१० सालीं दुकानांच्या परवान्यांचा स्वतंत्र कायदा केला. झाडास खूणचिठ्ठी, दुकानांत कॅमेरे, प्रत्येक वजनाची नोंद आणि रोग्याजवळ सरकारी ओळखपत्र, अशी तेथील व्यवस्था आहे. परंतु शेतापासून दुकानापर्यंत गांजाचा माग ठेवण्याची कल्पना अमेरिकेंत जन्मली नाहीं. तिचा सविस्तर प्रयोग एकोणिसाव्या शतकांत बंगाल्यांत, राजशाही जिल्ह्यांतील नौगांव येथें झाला. त्या प्रयोगांत पहारा कोणावर होता व कोणावर नव्हता, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बंगाल्यांत १७९३ च्या चौतिसाव्या रेग्युलेशनानें मादक जिनसा परवान्यावांचून तयार करण्यास व विकण्यास मनाई झाली. १८०० सालीं चरस विशेष अपायकारक ठरवून त्याजवर बंदी घातली गेली. पण तो गांजाहून अधिक वाईट नाहीं असें दिसून आल्यामुळें १८२४ सालीं ती बंदी उठली. म्हणजे बंदी व परवाना या दोहोंमधील हेलकावा त्या काळापासूनचा आहे. १८३९ सालीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील प्राध्यापक ओशॉनेसी यांनीं संधिवात, धनुर्वात इत्यादि विकारांवर गांजाचे प्रयोग करून त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तथापि औषधाचा हा प्रवाह वैद्यकाच्या ग्रंथांतून वाहिला आणि परवान्याचा प्रवाह अबकारीच्या दप्तरांतून. दोहोंचा संगम त्या काळीं झाला नाहीं.

नौगांवच्या आसपास राजशाही, दिनाजपूर व बोगरा या तीन जिल्ह्यांच्या लगतच्या भागांत गांजाचें पीक एकवटलें होतें. या मुलखास ‘गांजा महाल’ म्हणत. हेमचंद्र कर या डेप्युटी कलेक्टरांनीं तेथील लागवड व व्यापार यांजविषयीं लिहिलेला अहवाल १८७७ सालीं प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यास लागवडीसाठीं परवाना काढावा लागे. नर झाडें राहिल्यास मादी झाडांत बीं धरून माल बिघडतो. सबब तीं ओळखून उपटविण्यास ‘परखदार’ नांवाचा जाणता माणूस बोलावीत. कापणीनंतर चपटा, गोल व चूर असे मालाचे प्रकार होत. तयार माल नौगांवच्या सरकारी देखरेखीखालील गोलांत, म्हणजे वखारींत, जाई. दुसऱ्या जिल्ह्यांतील घाऊक व्यापारी आपल्या जिल्ह्याचा परवाना दाखवून माल खरेदी करी व पास घेऊन नेई. पुढें किरकोळ दुकानाकडे माल निघतांना त्यावर वजनाप्रमाणें कर बसे. शेत, वखार, वाट व दुकान या चारी ठिकाणीं कागद होता. त्या कागदांत शेतकरी आहे, व्यापारी आहे, दुकानदार आहे. पण गांजा ओढणारा नाहीं. त्याजपुरता नियम इतकाच कीं, ठराविक तोळ्यांहून अधिक माल त्यानें जवळ बाळगूं नये.

या पद्धतीची मोठी परीक्षा १८९३ सालीं झाली. इंग्लंडच्या कॉमन्स सभेंत मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते केन यांनीं त्या वर्षीं मार्च महिन्यांत प्रश्न विचारला व त्यावरून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें गेलें. सात सभासदांच्या या कमिशनानें ११९३ साक्षीदार तपासून १८९४ सालीं आपला अहवाल दिला. माफक सेवनानें सहसा हानि होत नाहीं, अतिरेकानें होते. सर्वस्वीं बंदी अनवश्यक असून तिच्यामुळें लोक अधिक घातक व्यसनांकडे वळतील, असें बहुमत पडलें. राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनीं आपलीं भिन्न मतें नोंदविलीं. बहुमतानें उपाय सुचविले ते चार: पुरेसा कर, परवान्यावांचून लागवडीस मनाई व लागवडीचें एकत्रीकरण, दुकानांच्या संख्येस मर्यादा, आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणास मर्यादा. यांत नौगांवची छाप उघड आहे.

मुंबई इलाख्याची तऱ्हा याहून निराळी होती. येथें १८७८ चा अबकारी कायदा चालू असला तरी नगर, सातारा आदि जिल्ह्यांतील गांजाच्या लागवडीवर बंगाल्यासारखा निर्बंध नव्हता; मुख्य भर विक्रीच्या मक्त्यावर होता. मक्त्याच्या लिलावांत सरकारास पैसा मिळे, पण किती माल पिकला व किती खपला याचा पक्का हिशेब हातीं राहत नसे. कमिशनास हीच उणीव खुपली. आमच्या मतें दोन्ही पद्धतींतील खरा भेद येथेंच आहे: मक्ता दुकान पाहतो, नौगांवची पद्धति मालाचा प्रवास पाहते.

आतां कोलोरॅडोकडे पुनः पाहिलें म्हणजे नवें काय व जुनें काय, हें स्पष्ट होतें. खूणचिठ्ठी व वजनाची नोंद हीं नौगांवच्या पासाचींच रूपांतरें होत. नवा आहे तो रोगी. औषध म्हटल्याबरोबर वैद्याची शिफारस आली, शिफारशीबरोबर नांव आलें आणि नांवाबरोबर नोंदवही आली. जुन्या सरकारास करापलीकडे गिऱ्हाइकाची फिकीर नव्हती. पण त्या बेफिकिरींतच त्याची मोकळीक होती. नव्या व्यवस्थेंत त्याची काळजी वाहिली जाते, आणि त्या काळजीची किंमत म्हणून त्याचें नांव दप्तरांत जातें. हिंदुस्थानांत १९८५ च्या कायद्यानें गांजाच्या व्याख्येंतून नुसतीं पानें वगळलीं. त्यामुळें कांहीं राज्यांत भांगेचीं परवान्याचीं दुकानें राहिलीं. हा जुन्या व्यवस्थेचाच अवशेष होय.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख संपवितों. जुन्या रुमालांत मक्त्याचे कबुलायतनामे, अबकारीचे परवाने वा मालाचे पास आढळल्यास क्षुल्लक समजून टाकूं नयेत. त्यांवर गांव, वजन, मुदत व शिक्का काय आहे तें प्रथम टिपावें. आणि मग कोणाचें नांव लिहिलें आहे व कोणाचें लिहिलेलें नाहीं, तें पाहावें. राज्यकर्त्याची नजर कोठवर पोंचत होती, याचें उत्तर त्या दुसऱ्या शोधांतच सांपडेल.