काट्यावर न दिसलेली गोष्ट

रिसोड तालुक्यातले रिठद हे माझे गाव. माझ्या लहानपणी गावात काटा होता तो धान्याचा. ज्वारी-तुरीची पोती उतरली, की आम्ही पोरे त्यावर चढायचो आणि काटेवाल्याच्या शिव्या खायचो. मोठ्या माणसाला स्वतःचे वजन करून घ्यायची गरजच वाटत नसे. ‘तब्येत झाली’ म्हणजे अंगावर मांस चढले, घरात बरकत आहे. ‘वाळला’ म्हणजे काहीतरी दुखणे लागले. लठ्ठपणा आणि आजार ही जोडी कुणाच्या मनातही येत नसे.

माझे काका चांगले पोट सुटलेले गृहस्थ होते. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना शौचावाटे रक्त पडू लागले. मूळव्याध समजून वर्षभर घरगुती औषधे चालली. तोवर ते इतके वाळले, की येणारा-जाणारा विचारायचा, “काय झालं जी तुमाले?” मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा दवाखान्याच्या कागदावर त्यांचे वजन ५२ किलो लिहिले गेले. तो कागद वाचणाऱ्याला हा माणूस कधीकाळी जाडजूड होता, हे खरेसुद्धा वाटले नसते.

एकट्या काकांवरून काही सिद्ध होत नाही. पण त्या कागदात एक कोडे होते आणि ते सोडवायला वैद्यकशास्त्रालाही बराच काळ लागला. हा आजार माणसाला पुष्कळदा आधी वाळवतो आणि मग डॉक्टरांपुढे आणतो. मग रुग्णाला तोलून लठ्ठपणाचा माग लागणार कसा?

आपल्याकडे मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. एका रुग्णालयापुरती नव्हे, तर साऱ्या शहरातल्या रुग्णांची मोजदाद करणारी ती देशातली पहिली नोंदणी. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला खेड्यांसाठी तशीच नोंदणी सुरू झाली. दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले, की मोठ्या आतड्याचा कर्करोग खेड्यापेक्षा शहरात अधिक दिसतो. पण का, हे नोंदवही सांगत नाही. शहरात अन्न वेगळे, श्रम वेगळे, वजन वेगळे आणि तपासणीची सोयही वेगळी.

उत्तरासाठी दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी लागली. धडधाकट माणसांची उंची आणि वजन लिहून ठेवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९५९ मध्ये हे काम हाती घेतले. साडेसात लाख स्त्री-पुरुषांचा हिशेब १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांचे वजन सरासरीपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त होते, त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाने मृत्यू अधिक झाले होते. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, वजन वाढू न देण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, असा स्पष्ट निर्वाळा दिला. २०१६ मध्ये तिने लठ्ठपणाशी नाते असलेल्या १३ कर्करोगांची यादी दिली, त्यातही हा आहेच. फार लठ्ठ माणसांत धोका सुमारे १.३ पट. म्हणजे नेहमीच्या वजनाच्या लोकांत जिथे १०० जणांना हा आजार होईल, तिथे तेवढ्याच लठ्ठ लोकांत १३० जणांना. लठ्ठ माणसाला तो होईलच असे नाही आणि बारीक माणूस सुटला असेही नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र हे नाते नुसत्या वजनावरून नीट दिसत नव्हते. २००६ मध्ये युरोपातल्या साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात त्याचा उलगडा झाला. स्त्रियांत वजनाने काही सांगितले नाही, पण कमरेच्या घेराने सांगितले. पोटातली चरबी गप्प बसत नाही. तिच्यामुळे रक्तातले इन्सुलिन वाढते, शरीरात बारीक दाह धुमसत राहतो आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना वाढायला चेव येतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची आठवण होते. ते मधुमेहाचे अभ्यासक. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक, पण आतून चरबीचे, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. तो अभ्यास कर्करोगाचा नव्हता, हे खरे. पण काट्यावर कितपत विसंबावे, याचा धडा त्यातून जरूर मिळतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजा. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही मर्यादा २००९ मध्ये आपल्या तज्ज्ञांनी ठरवून दिली आहे. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहिले जाते, आतडे नाही. तिथे लक्ष आपले आपणच ठेवायचे. शौचावाटे रक्त पडले, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली किंवा काही न करता वजन उतरू लागले, तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका. पोट सुटलेले असो वा नसो.

रिठदला आता घरोघरी मोटरसायकल आहे. शेतावर पायी जाणारे थोडे उरले. “तब्येत झाली जी तुमची,” असे मात्र अजूनही कौतुकानेच म्हणतात. मी हसतो आणि संध्याकाळी फाट्यापर्यंत चालून येतो. काकांच्या वेळी हे कुणी सांगणारे नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)