एडिटरमध्ये दुसऱ्याची कलर थीम घालताय? आधी लायसन्स बघा

मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर कोड लिहीत असाल, तर सेटिंगमध्ये मोनोकाई, सोलराइज्ड, ड्रॅक्युला ही नावं पाहिलीच असतील. एकच थीम इतक्या एडिटरमध्ये कशी दिसते? कारण ती बहुतेक वेळा बाहेरच्या कुणीतरी बनवलेली असते. उदाहरणार्थ, सोलराइज्ड ही १६ रंगांची थीम इथन शूनोव्हर यांनी २०११ मध्ये आणली. आज ती व्हीएस कोडमध्ये आधीपासूनच मिळते.

बंडल करणं म्हणजे काय?

थीम म्हणजे रंगांची यादी असलेली साधी फाईल. कीवर्डला हा रंग, कमेंटला तो, बॅकग्राउंडला तिसरा. ती तुम्ही स्वतःसाठी डाउनलोड केली तर विषय तिथेच संपतो. पण तीच फाईल ॲपमध्ये घालून सगळ्यांना दिली, की ते बंडलिंग झालं. आता तुम्ही दुसऱ्याचं काम वाटताय.

माझी चूक

मी एक छोटा ओपन सोर्स एडिटर बनवला होता. एक थीम आवडली, फाईल कॉपी केली, ॲपमध्ये टाकली. काही महिन्यांनी एका वापरणाऱ्याने विचारलं, "ह्या थीमचं लायसन्स कुठंय?" बघतो तर मूळ रेपॉझिटरीत लायसन्सच नव्हतं! मूळ कर्त्याला लिहिलं, उत्तर आलं नाही. शेवटी थीम काढली. पण ज्यांनी ती निवडली होती, त्यांचं एडिटर अपडेटनंतर उघडेचना, कारण थीम सापडली नाही तर काय करायचं, हे मी कोडमध्ये लिहिलंच नव्हतं.

लायसन्स नाही म्हणजे फुकट?

अजिबात नाही. लायसन्स दिलं नसेल तर कॉपीराइटचे सगळे हक्क मूळ कर्त्याकडेच राहतात. कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे तो वाटायची परवानगी मिळाली असं होत नाही.

एमआयटी लायसन्स असेल तर काम सोपं. अट एवढीच, की कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे. झेड हे एडिटर बघा. त्यात आयू, ग्रुवबॉक्स आणि वन ह्या थीमचे वेगवेगळे फोल्डर आहेत आणि प्रत्येकात त्या थीमची लायसन्स फाईल ठेवलेली आहे. जीपीएल असेल तर अटी जास्त असतात. तुमच्या एडिटरच्या लायसन्सशी त्या जुळतात का, हे आधी तपासा.

थीम घालण्यापूर्वी एवढं करा

१. मूळ रेपॉझिटरी शोधा. कॉपीची कॉपी उचलू नका.
२. लायसन्स नसेल तर कर्त्याला विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.
३. लायसन्सचा मजकूर ॲपच्या आतही दाखवा. मोबाईलवर ॲप घेणारा रेपॉझिटरी उघडून बघत नाही.
४. अक्षरं नीट वाचता येतात का बघा. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. फोन उन्हात धरूनही एकदा वाचून बघा.
५. थीम सापडली नाही तर डीफॉल्ट थीम लागेल, अशी सोय ठेवा.

ज्या थीमला लायसन्स नाही, ती ॲपमध्ये घालूच नका. वापरणाऱ्याला स्वतःची थीम फाईल टाकायची सोय द्या. ज्याला हवी तो आणून लावेल. माझ्या एडिटरमध्ये आता तेच केलंय.