रील नव्हे, रीळ : म्हैसूरचा महासीर आणि रंगाखालचा इतिहास

आजचा विषय रील नाही, रीळ आहे. कमळातला ळ. मोबाइलवर अंगठ्याने वर सरकवायचं ते रील. मी बोलणार आहे ते गळाच्या काठीला लावायच्या, दोर गुंडाळणाऱ्या चाकाबद्दल.

प्रश्न साधा आहे. आजोबांचं किंवा काकांचं जुनं रीळ माळ्यावर सापडलं. रंग उडालाय, कडा घासल्यात, कुठे पांढरी भुकटी जमली आहे. हे घरच्या घरी रंगवता येईल का? येईल. कसं, तेही सांगतो. पण आधी थोडा इतिहास ऐका, कारण ब्रश हातात घेण्यापूर्वी आपण काय झाकणार आहोत ते कळलं पाहिजे.

छंद किती जुना?

गळ टाकून मासे धरण्याचा शौक साहेबांनी आपल्याकडे आणला, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र जागा आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचं आमिष, काठी, दोर, सगळं आलं आहे. हा राजा मराठी आणि कानडी मुलखांचा सामाईक पूर्वज म्हणायला हरकत नाही. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना या छंदाची नाळ एकच आहे.

साहेबांनी आणलं ते यंत्र. तेही मूळचं त्यांचं नव्हे. काठीला चाक लावून मासे धरणारा माणूस १२व्या शतकाच्या अखेरच्या एका चिनी चित्रात दिसतो. इंग्लंडात ते १७व्या शतकात रुळलं. पण आपल्या नद्यांत त्याची खरी गरज भासली महासीरमुळे. हेन्री सलिव्हन थॉमस हे मद्रास सनदी नोकर, दक्षिण कानडा जिल्ह्यात कलेक्टर होते. त्यांनी हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर लिहिलेलं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळुरात छापलं गेलं. वजनास वजन धरलं, तर झुंजीत महासीर विलायतेच्या सामन माशाला मागे टाकतो, असं त्यांचं मत होतं. गळ लागला की हा मासा प्रवाहात खडकांच्या दिशेने सुसाट सुटतो. नुसत्या काठीला बांधलेला दोर तिथे टिकत नाही. शेकडो फूट दोर सोडायचा, पुन्हा ओढायचा, पुन्हा सोडायचा. हे काम रिळाचं.

रंग कशासाठी?

१८७२ साली इंग्लंडच्या उत्तरेला ॲनिक गावात हार्डी यांनी धंदा सुरू केला तो बंदुका घडवण्याचा. पुढे ते गळाच्या काठ्या आणि रिळांकडे वळले. १८९१ साली त्यांचं 'पर्फेक्ट' नावाचं, बॉल बेअरिंगवर फिरणारं रीळ बाजारात आलं आणि जगभर गाजलं.

बंदूकवाल्याने रीळ बनवलं यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे दुखणं एकच असतं, चकाकी. उन्हात हत्यार चमकलं की जवानाची जागा कळते, पितळी चाक चमकलं की मासा बिथरतो. म्हणून जुन्या पितळी रिळांवर मुद्दाम काळपट, शिशासारखी झाक चढवलेली असे. पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिळं आली, त्यांवर काळं किंवा करडं एनॅमल आलं. शोभा दुय्यम होती. झिलई घालवणं आणि गंज रोखणं, ही रंगाची खरी कामं.

याचा दुसरा अर्थ असा, की रंग जिथे उडालाय ती जागा बोलते. एका बाजूची कड बोटांनी घासली असेल, तर दोर कुठल्या हाताने आवरला जाई ते कळतं. पायाखालच्या पट्टीवर ओरखडे असतील, तर हे रीळ एकाहून जास्त काठ्यांवर चढलं होतं. मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या दुकानदारांची नावं कोरलेली रिळंही असत. ही अक्षरं उथळ असतात. एनॅमलचा एक जाड थर, की संपली.

कबिनीतला विक्रम

आता म्हैसुरात येऊ. इथे व्हान इंगेन नावाचं घराणं होतं. यूजिन व्हान इंगेन यांनी १९००च्या सुमारास शिकारीचे प्राणी पेंढा भरून जतन करण्याचा कारखाना काढला. महाराजांपासून व्हाइसरॉयपर्यंत साऱ्यांचे वाघ इथे येत. शतकभरात चाळीस हजारांहून जास्त वाघ आणि बिबटे या कारखान्यातून गेले. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काम आटलं. १९९९ साली दार बंद झालं. यूजिन यांच्या मुलांत बोथा, डि वेट आणि जूबेअर ही नावं आहेत. बोअर युद्ध वाचलेल्यांना ती लगेच ओळखू येतील, तिन्ही बोअर सेनापतींची आडनावं.

यांतल्या डि वेट यांनी २२ मार्च १९४६ रोजी कबिनी नदीत गळाने महासीर काढला. वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो. त्याआधी १९१९ साली रिव्हेट-कार्नाक यांनी कावेरीत ११९ पौंडांचा धरला होता. सत्तावीस वर्षांत विक्रम एका पौंडाने पुढे सरकला, आणि तो आजही गळाच्या महासीरचा विक्रम मानला जातो.

पेंढा भरण्याच्या धंद्यातली एक गोष्ट आपल्या विषयाशी जोडलेली आहे. वाघाचं कातडं रंग राखतं. मासा वाळला की त्याचा रंग जातो. म्हणून भिंतीवर लावलेला प्रत्येक मासा कुणीतरी हाताने रंगवलेला असतो. आपण पाहतो तो रंगाऱ्याच्या आठवणीतला मासा.

रंगाचा विषय निघालाच आहे, तर म्हैसूरचा आणखी एक धागा. १९३७ साली नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या काळात इथे लाख आणि रंगाचा सरकारी कारखाना सुरू झाला. त्यालाच आज 'म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश' म्हणतात. १९६२च्या निवडणुकीपासून मतदाराच्या बोटावर लागणारी शाई इथलीच. एकाच शहरात सहज न पुसणारा रंग आणि भिंतीवरचा रंगवलेला मासा. असो.

घरी रंगवायचं तर

पहिला निर्णय, रंगवायचं की नाही. पितळी रीळ असेल, कोरीव नाव असेल, मूळची काळपट झाक शिल्लक असेल, तर रंगवू नका. चकचकीतही करू नका. फौजेत आयुष्य घालवलेल्या माणसाचा हात पितळ दिसलं की ब्रासोच्या डबीकडे जातो, ठाऊक आहे मला. आवरा. साबणाचं कोमट पाणी, मऊ टूथब्रश, कोरडं फडकं आणि तेलाचे दोन थेंब पुरे. साधं ॲल्युमिनियमचं, एनॅमल उडालेलं, पुन्हा नदीवर न्यायचं रीळ असेल, तर खुशाल रंगवा.

उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. मग हत्यार खोलतो तसं खोला. ज्या क्रमाने भाग सुटतील त्याच क्रमाने ते स्वच्छ कापडावर डावीकडून उजवीकडे ठेवा. जोडणी उलट क्रमाने. प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकाशेजारी ठेवायचा, कारण जुन्या रिळात दोन सारखे दिसणारे स्क्रू सारखे असतीलच असं नाही.

जुनं ग्रीस रॉकेलने काढा, मग साबणाने धुऊन वाळवा. पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. ती चारशे नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून घासा. कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. तोंडाला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

मधला दांडा, बेअरिंगची जागा, दाते आणि काठीला बसणारी पायपट्टी मास्किंग टेपने झाका. अक्षरं असतील तर तीही. साधा प्रायमर ॲल्युमिनियमला धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात धातूला चावून बसणारा एच प्रायमर मिळतो, तो घ्या. त्यावर मंद काळ्या किंवा करड्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. पावसाळी दमट दिवस टाळा, रंग दुधाळ होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थर पातळ ठेवा. चाक आणि चौकटीत जेमतेम कागदाएवढी फट असते. जाड रंग बसला, की चाक घासतं आणि रीळ दिसायला नवं, कामाला बाद होतं. आठवडाभर सुकू द्या, मग ग्रीस लावून जोडा.

नदीवर चढलेला थर

हे झालं रिळाचं. पण ज्या माशासाठी रीळ घडलं, त्याच्यावरही असेच थर चढले आहेत, आणि त्यांत आपला मराठी हात आहे.

पहिला थर नावाचा. लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी. दख्खनच्या नद्यांतल्या माशांची त्यांनी शास्त्रीय नोंद केली. १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महासीरला त्यांनी 'खुद्री' हे शास्त्रीय नाव दिलं. आपल्या खडशीचंच ते रूप. शिरूरच्या घोड नदीतल्या दुसऱ्या एका माशाला 'मुसल्ला' असं मराठी बोलीतूनच घेतलेलं नाव दिलं. पुढे हेच 'मुसल्ला' नाव कावेरीच्या कुबडवाल्या महासीरला चिकटलं. तो मासा वेगळा होता, पण कित्येक दशकं पुस्तकांत घोड नदीच्या नावाने वावरला. २०१८ साली संशोधकांनी दाखवून दिलं, की कावेरी खोऱ्यातला हा महाकाय मासा म्हणजे 'टॉर रेमादेवी'. हे नाव आधीच केरळच्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून दिलं गेलं होतं. जगातला सगळ्यात मोठा महासीर, आणि त्याला स्वतःचं खरं नाव मिळायला इतकी वर्षं.

दुसरा थर माशांचा. महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महासीरचं कृत्रिम प्रजनन साधलं. तोवर हे कुणाला नीट जमलं नव्हतं. धरणांनी महासीरच्या वाटा अडवल्या होत्या, सुरुंग लावून मासे मारले जात होते. अशा वेळी लोणावळ्याची बोटुकली देशभर नद्यांत सोडली गेली. हेतू चोख होता, काम मोठं होतं. ती कावेरीतही सोडली गेली. पण ती होती आपली खडशी, निळ्या परांची. कावेरीचा मूळ मासा केशरी परांचा, पाठीवर कुबड असलेला.

पुढे काय झालं ते कळलं गळवाल्यांच्या वह्यांमधून. कावेरीकाठच्या शिबिरात १९९८ ते २०१२ या काळात सहा हजारांहून जास्त महासीर धरून, मोजून, परत सोडले गेले. २०१५ साली या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निळ्या परांचे मासे वाढत गेले होते, कुबडवाला दिसेनासा झाला होता. वाळूउपसा, धरणं, सुरुंग ही कारणं आहेतच, पण बाहेरून सोडलेल्या माशांवरही संशोधकांनी बोट ठेवलं. नदीत महासीर भरपूर आहेत असं वरवर दिसत राहिलं, म्हणून खालचा मूळ मासा संपत चाललाय हे फार उशिरा कळलं. २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आता मोयार नदीसारख्या थोड्या जागी तो तग धरून आहे.

कुलकर्णींच्या कामाला यात कमीपणा येत नाही. त्या काळात दोन महासीरमधला फरक कागदावरच पुसट होता. नाव चुकीचं चिकटलं होतं, मग कुठला मासा कुठे सोडायचा नाही हे कुणी कशावरून ठरवावं?

अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकणं पुढे कायद्याने थांबलं, आणि त्यासोबत तिथल्या वह्याही थांबल्या. म्हणून घरातल्या जुन्या वस्तूंचं मोल वाढलं आहे. तुमच्या घरी असं रीळ असेल, तर रंगवण्याआधी एक वही घ्या. कुणाचं होतं, कुठल्या नदीवर, कुठल्या साली, माशाचे पर निळे होते की केशरी, पाठीला कुबड होतं का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. अल्बममध्ये माशासोबतचा फोटो असेल तर मागे तारीख टाका. रिळाला नवा रंग पुढच्या वर्षीही देता येईल. सांगणारी माणसं तेवढी थांबत नाहीत.

आजच्यापुरतं एवढंच.